कांद्याच्या मुळांची साक्ष

मी अकोल्याला काय काम करते हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. आई शेजारणींना सांगायची, "कापसाच्या रोपांवर औषध टाकते." शेजारणींना वाटायचं, किडीचं. मी एक-दोनदा दुरुस्त केलं आणि मग सोडून दिलं, कारण दुरुस्तीनंतर जे सांगावं लागे ते त्यांना आणखीच विचित्र वाटे.

काम असं होतं. कापसावर संशोधन करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी मदतनीस होते. तिथे एका छोट्या कुपीत फिकट पिवळी पूड असे, परदेशातून मागवलेली आणि कुलपात ठेवलेली. तिचं नाव कॉल्चिसिन. ती निघते एका फुलझाडाच्या कंदातून. तिचं अगदी पातळ पाणी कोवळ्या रोपाच्या शेंड्यावर थेंबभर टाकलं, की त्या शेंड्यातल्या पेशींची गुणसूत्रं दुप्पट होतात. देशी आणि अमेरिकन कापसाचा संकर वांझ निघायचा. गुणसूत्रं दुप्पट झाली की त्याला बी धरण्याची आशा असायची. थेंब टाकायचे, मग मुळांची टोकं कापून, रंगवून, काचपट्टीवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजायची, हा माझा दिवस. माझ्याइतकी स्वच्छ काचपट्टी तिथे कुणाची निघत नसे, आमच्या साहेबांचीसुद्धा नाही. हे मी बोलूनही दाखवत असे. म्हणूनच मला स्थळं कमी आली असं आईचं मत होतं.

आमचं घर अमरावतीला, राजापेठेत. आजोबांपर्यंत घरात भिक्षुकी होती, बाबा वकील झाले. वाटणीच्या दाव्यांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोर्टात ते आवाज चढवत नसत, खाली आणत. समोरचा साक्षीदार ऐकायला पुढे झुकायचा, आणि झुकला की बाबा त्याला असं काही विचारायचे की तो तसाच राहून जायचा. लहानपणी मी दोन-तीनदा कोर्टात मागच्या बाकावर बसून हे पाहिलं होतं. मला बाबांचा फार अभिमान होता, आणि त्यातला बराचसा त्यांच्या आवाजाचाच होता.

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. त्या उन्हाळ्यात बाबांच्या जिभेच्या कडेला एक फोड आला. दाढ लागते म्हणून त्यांनी दाढ काढून घेतली. दाढ गेली, फोड राहिला. पानतंबाखू सोडली, तरी राहिला. शेवटी नागपूरला नेलं. तिथे तुकडा काढून तपासला आणि सर्जननी सरळ सांगितलं, की कॅन्सर आहे, त्या बाजूची निम्मी जीभ आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतील, आणि महिना-दीड महिन्याच्या आत काढाव्या लागतील. बाबांनी विचारलं, "नंतर बोलता येईल?" सर्जन म्हणाले, "घरच्यांना समजेल इतपत."

"घरच्यांपुढे मी वकिली करत नाही," बाबा म्हणाले आणि टोपी घालून बाहेर आले.

श्रावण लागला, आणि घरी नागपूरचं नाव काढायची सोय उरली नाही. अशात धारणीकडचा एक पक्षकार आला. त्याच्या जमिनीचा तंटा बाबांनी सोडवून दिला होता. बाबांच्या दुखण्याचं त्याच्या कानावर गेलं, तेव्हा तो पावसापाण्यातून, बस बदलत आला आणि फडक्यात बांधलेला एक कंद त्यानं टेबलावर ठेवला. नांगराच्या फाळासारखा दोन बाजूंना वळलेला. कळलावीचा. मेळघाटात पावसाळ्यात तिच्या वेली कुंपणावर चढतात, लाल-पिवळी फुलं येतात. बाळंतीण अडली तर सुइणी तिचा कंद वाटून तळपायाला लावतात, पोटात देत नाहीत.

पक्षकार म्हणाला, "वकीलसाहेब, पोळा झाला का दुसऱ्या दिवसापासून घ्या. पाण्यात उगाळून, गुळासंगं. उलट्या होतीन, पोट जाईन, भेऊ नका. आमच्या गावातल्या एकाची मानेवरची गाठ याच्यानं बसली. मी माह्या डोयानं पाह्यली."

आईनं हे मला कळवलं तशी मी हादरले. अमरावतीत कळलावी म्हणजे विष एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मला त्यापुढचंही ठाऊक होतं: आमच्या कुपीतली पूड आणि या कंदातलं विष एकच. मी साहेबांकडे जाऊन पंधरा दिवसांची रजा आणि जुना सूक्ष्मदर्शक मागितला. ते म्हणाले, "घेऊन जा, पण बसमध्ये मांडीवरून खाली ठेवायचा नाही." दर्यापूरमार्गे येणारी बस चिखलातून हेलकावे खात होती, पण मी पेटी मांडीवर घट्ट धरून बसले होते. वाटेत मी सगळा युक्तिवाद मनात जुळवला. बाबांना रडून काही पटत नाही, पुरावा लागतो. तो माझ्याजवळ होता आणि माझी खात्री होती की एका दुपारीत मी त्यांना गप्प करीन.

बाबा ओसरीवरच्या कचेरीत बसले होते. माझ्या हातातली पेटी पाहून म्हणाले, "काहून आणलं हे?"

"तुमच्या कंदाची उलटतपासणी घ्यायला," मी म्हटलं. ते हसले. हसताना जिभेला झोंबलं असावं, कारण लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला.

त्याच दुपारी खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक मांडून मी त्यांना अकोल्याहून आणलेल्या काचपट्ट्या दाखवल्या. आधी साधी, निरोगी कांद्याच्या मुळाची. मी सांगत गेले. प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात आणि त्यांत डीएनए नावाचा पदार्थ असतो. हा शब्द आमच्याकडेही तेव्हा नवाच होता. पेशीनं कसं असायचं, कसं वाढायचं, ते सगळं त्या डीएनएत असतं. पेशी दोन होण्याआधी त्याची हुबेहूब नक्कल करते. मग दोन्ही नकला दोन टोकांना ओढल्या जातात आणि मधे भिंत पडते.

"म्हणजे वाटणी," बाबा डोळा न उचलता म्हणाले.

"हो. पण इथे दोघांनाही सगळंच्या सगळं मिळतं."

"असा दावा मले जन्मात आला नाही." मग दुसरी पट्टी लावायला त्यांनी खूण केली. ती कॉल्चिसिन दिलेल्या मुळाची होती. जांभळी रंगवलेली गुणसूत्रं पेशीच्या मधोमध विस्कटून पडलेली होती.

"हे काय झालं?"

"नकला टोकांना ओढणारे जे दोरे असतात, ते ही पूड बांधूच देत नाही. डीएनए दुप्पट झालेला असतो, पण कुणाच्या वाट्याला काही येत नाही. सगळं मधे पडून राहतं."

"वाटणी थांबते."

"थांबते."

बाबांनी मान वर केली. कोर्टात आवाज खाली आणायचे तसा आणला. "अन् माह्या जिभेवर काय होऊन राहिलं?"

मी म्हटलं, "तिथल्या पेशी थांबतच नाहीत. वाटण्या करत सुटल्यात."

"मग हेच तर पाहिजे मले," ते म्हणाले.

धारणीचा माणूस महिनाभर घसा कोरडा करून जे पटवू शकला नसता, ते मी तासाभरात पटवून दिलं होतं, तेही सरकारी सूक्ष्मदर्शकानं. मी घाईघाईनं सांगू लागले की ही पूड रोगी पेशी निवडत नाही, हा कांदा काही आजारी नव्हता. आतड्याचं अस्तर, रक्त, केसांची मुळं, जिथे जिथे रोज पेशी नव्या होतात तिथे तिथे ही मोडता घालते. बाबा म्हणाले, "ही तुझ्या बाटलीतली पूड. माह्या कंदाची साक्ष काढ, मग बोलू." आणि त्यांनी फडक्यासकट कंद माझ्या हातात दिला. निदान तो त्यांच्या उशालगत राहणार नाही, एवढं समाधान मला मिळालं.

आता प्रश्न आला कांद्याचा. आमच्याकडे आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा उंबऱ्याच्या आत येत नसे. मी पिशवी घेऊन आले तर आई दारातच उभी राहिली.

"चातुर्मासात कांदा? अन् तोही दर्शनी ओसरीवर? लोकं काय म्हणतीन?"

"खायचा नाही, पाण्यावर ठेवायचा आहे."

"वास तर येईन ना."

निकाल बाबांनी दिला. कोर्टात पुराव्यादाखल दारूची बाटली आली म्हणून न्यायाधीश प्याला असं होत नाही, हा पुरावा आहे, ओसरीवर राहील. आईनं ऐकलं, पण त्या टेबलाला ती शिवली नाही, आणि मला कांद्याला हात लावला की हातपाय धुऊन मगच माजघरात यावं लागे. मी कुरकुर न करता धूत असे. येणारे पक्षकार काचेच्या पेल्यांवर बसलेले कांदे पाहून क्षणभर थबकायचे आणि मग आपलं काम सांगायला लागायचे.

कांद्यांना पांढरी दोऱ्यासारखी मुळं फुटली. मग निम्मे कांदे साध्या पाण्यावर ठेवले आणि निम्म्यांच्या पेल्यांत कंद उगाळलेलं पाणी घातलं. दुसऱ्या दिवसापासून मी मुळांची टोकं कापू लागले. कोमट आम्लात ती मऊ करायची, मग काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीतल्या रंगहीन द्रावात टाकायची. त्या द्रावाची गंमत अशी की तो डीएनएला भेटला तरच जांभळा होतो. मुळाचा अगदी शेंडा तेवढा जांभळा होतो, कारण तिथे पेशी भराभर होत असतात. बाबांना हे बघायला फार आवडलं. ते खुर्ची ओढून बसायचे आणि रंग चढेपर्यंत हलायचे नाहीत. दुखणं विसरून आम्ही दोघं असे किती वर्षांत बसलो नव्हतो, आणि त्या दिवसांत मी भीतीच्या पोटातही सुखी होते हे मला कबूल केलं पाहिजे. साक्ष मात्र माझ्या बाजूची नव्हती. कंदाच्या पाण्यानं तेच केलं जे आमच्या पुडीनं केलं होतं. वाटण्या थांबल्या.

"तुझ्या बाटलीपेक्षा कमी नाही," बाबा म्हणाले.

पोळा तोंडावर आला. एका सकाळी आई अंगणातून फुलं घेऊन येताना ओसरीवर थांबली. टेबलाला न शिवता तिनं वाकून पाहिलं आणि बाबांना हाक मारली. कंदाच्या पाण्यातल्या प्रत्येक मुळाच्या टोकाला फुगवटा आला होता. काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखा, पांढरा, टणक दिसणारा. साध्या पाण्यातली मुळं सरळ आणि निमुळती होती.

बाबा येऊन टेबलाशी वाकले. त्यांचा हात आपोआप मानेकडे गेला. "गाठी आल्या," ते म्हणाले. "ज्यानं गाठ जायची, त्यानंच गाठी आल्या." ते आत जाऊन पलंगावर बसले.

मला माहीत होतं की असे फुगवटे येतात. पेशी वाटल्या जात नाहीत, तेव्हा नुसत्या फुगत राहतात आणि मुळाचं टोक जाड होतं, एवढंच. कॅन्सरशी त्याचा काही संबंध नाही. मी ते सांगायला आत वळले, तर माजघराच्या दारात आईनं माझा दंड धरला.

"काही बोलू नको. त्यांना वाटू दे."

"पण ते तसं नाहीये, आई."

"गाठ आली का नाही? आली. तू खोटं कुठं बोलून राहिली? फक्त गप्प बस. उद्या ते नागपूरले जायाले तयार होतीन." तिचे डोळे भरले होते. "मले त्यांचं बोलणं नको, काही नको. मले ते पाहिजेत."

मला खोटं बोलावंही लागणार नव्हतं, नुसतं गप्प राहिलं की झालं. मलाही ते पाहिजे होते. मी तिथेच उंबऱ्याशी उभी राहून आईवर चिडले, बाबांवर चिडले, त्या धारणीच्या भल्या माणसावर चिडले. पण बाबांना मी पुराव्यानं जिंकायला आले होते, आणि खोट्या पुराव्यावर त्यांची जीभ कापू द्यायला मी तयार नव्हते. उद्या ऑपरेशननंतर त्यांना खरं कळलं असतं, तर ते विचारायला त्यांच्याजवळ आवाज उरला नसता. मी हातपाय धुतले आणि आत गेले.

"बाबा, त्या गाठी तुमच्यासारख्या नाहीत," मी म्हटलं, आणि काय झालं ते समजावून सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "मी तसंच समजून बसलो असतो, तर तुझ्या फायद्याचं होतं ना?"

"होतं."

"मग काहून सांगितलं?"

"खरं नाही म्हणून."

दारात उभी असलेली आई पदर तोंडाला लावून निघून गेली. बाबा माझ्याकडे रोखून पाहत होते. साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवताना ते असंच पाहत असत. मग म्हणाले, "आता पुढचं बोल. तुले खरं काय दाखवायचं आहे?"

मी त्यांना टेबलाच्या टोकाला ठेवलेला एक पेला दाखवला. त्यातला कांदा मी चार दिवसांपूर्वी कंदाच्या पाण्यातून काढून, धुऊन, परत साध्या पाण्यावर ठेवला होता. त्याच्याही मुळांना फुगवटे होते, आईच्या नजरेतून तो सुटला होता इतकंच. पण प्रत्येक फुगवट्याच्या खालून नवं, बारीक, पांढरं मूळ निघालं होतं.

"पुन्हा सुरू झालं," बाबा म्हणाले.

"हो. थांबलेली पेशी मरतेच असं नाही. दुप्पट डीएनए घेऊन पुन्हा उठते. माझी कापसाची रोपं मरत नाहीत, म्हणून तर आम्ही ती पूड वापरतो. तुम्ही औषध थांबवलं की तुमची गाठ उठेल. आणि थांबवलं नाही, तर आधी तुमचं आतडं बंद पडेल, मग रक्त. कंदातलं विष एकात कमी, एकात जास्त. धारणीच्या माणसाला त्याचं माप माहीत नाही, मलाही नाही. झाडांच्या विषातून यावर औषध निघेल, जगभर लोक शोधतायत. पण ते या फडक्यात नाही."

"रोगाची पेशी कोणती, चांगली कोणती, हे कंदाले कळत नाही म्हणते तू. सुरीले कळते?"

"सुरीलाही नाही. धरणाऱ्याला थोडं कळतं. आणि सुरी एकदा कापून थांबते."

ते उठून खिडकीशी गेले. बाहेर पोळ्यासाठी कुणी बैलांची शिंगं रंगवत होतं, ते पाहत उभे राहिले. मग तसेच पाठमोरे म्हणाले, "तुह्या आईले सांग, पोळा झाला का निघू."

धारणीचा पक्षकार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आला, औषध सुरू झालं का ते बघायला. बाबांनी त्याला शेजारी बसवून घेतलं, सूक्ष्मदर्शकातून दाखवलं आणि सांगितलं की तू आणलं त्यात मोठी ताकद आहे, पण ती माझ्या ताब्यात येणारी नाही. तो बराच वेळ डोळा लावून बसला. जाताना त्यानं बाबांचे पाय धरले, आणि कंद मी माझ्याजवळ अकोल्याला न्यायला मागून घेतला.

ऑपरेशन झालं. निम्मी जीभ गेली, बाबा राहिले. पुढे किती तरी वर्षं राहिले. कोर्टाचा कोट पुन्हा अंगात चढला नाही. त्यांचं बोलणं आईला सगळं कळायचं, मला बरंचसं, बाकीच्यांना काहीच नाही. पुढे सदाफुलीसारख्या साध्या झाडातून कॅन्सरवर खरी औषधं निघाली तेव्हा मी त्यांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी मान हलवली. मी केलं ते बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

नागपूरला गेलो त्या दिवशी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली होती. गाडी हलली आणि बाबा बोलू लागले. एरवी प्रवासात ते वर्तमानपत्रातून डोकं काढत नसत. निरवानिरव नाही, उपदेश नाही. आपल्या वडिलांनी मंत्र कसे पाठ करून घेतले, पहिल्या दाव्यात पाय कसे लटपटले, कोणता न्यायाधीश कसा खाकरायचा, सगळ्यांचे आवाज काढून. चांदूर गेलं, पुलगाव गेलं. जीभ दुखत होती, मधून मधून डोळ्यांत पाणी यायचं, आई तांब्या पुढे करायची, एक घोट घेऊन ते पुन्हा सुरू करायचे. वर्ध्याला डबा भरला, लोक ऐकू लागले, हसू लागले. बाबांनी आवाज खाली आणला तसे सगळे पुढे झुकले.

नागपूर आलं. लोक उतरले, डबा रिकामा झाला. बाबांच्या गोष्टीतला एक साक्षीदार अजून पिंजऱ्यात उभाच होता. हमालानं ट्रंक डोक्यावर घेतली आणि म्हणाला, "चला बाई, गाडी यार्डात जाईन आता."

"थांब जरा," मी म्हटलं. "यांचं व्हायचं आहे अजून."